वात्रटपणाचा रकाना

आश्विन शुद्ध ५, शके १८७८

परवा तृतीयेच्या सकाळी चंद्रकांता परत आली, तेव्हा मी पोथी वाचत होतो. अंगणात रेंगी थांबल्याचा आवाज झाला, बैलांची घुंगरं वाजली, मग माझ्या बायकोने, देवकाबाईने, दारातून हाक दिली, "अजी, पोरगी आली." मी हातानेच थांब म्हणून खूण केली. अध्यायाच्या सतरा ओव्या उरल्या होत्या. अध्याय अर्धा टाकून उठू नये असं वडिलांनी शिकवलं आहे. त्या सतरा ओव्या मी नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या. पोथी फडक्यात बांधली, कपाळ टेकलं, आणि मग बाहेर आलो.

तोवर रेंगी निघून गेली होती. चंद्री तुळशीजवळ उभी होती, काखेत गाठोडं. आईने तिला तीनदा बस म्हटलं होतं, पण ती माझी वाट पाहत होती.

"काऊन गे, एकटीच?"

"पोचवून दिलं, बाबा," ती म्हणाली.

चंद्री माझी एकुलती लेक. एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी दवनीवाड्याला दिली. जावई भोजराज, व्याही उमराव, घर खाऊनपिऊन सुखी. तिची सासू शकुंतलाबाई भाद्रपदात वारली. तेरवी झाली, पितृपक्ष संपला आणि त्यांनी सून माघारी धाडली. गाडीवाला देवकाबाईला निरोप सांगून गेला : "जिनं माय खाल्ली, तिच्या हातचं पानी आमी पित नाई, असं उमरावजी म्हणतात."

हे सगळं या वहीत लिहायला नको होतं. चुन्नीलाल गुरुजींनी मला दोन वह्या दिल्या आहेत. नागपूरचे कुणी म्हातारे मास्तर खेड्यापाड्यांतले शब्द जमवत आहेत, आणि आमच्या शाळेच्या वाट्याला 'व' हे अक्षर आलं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर बरं आहे आणि देवळात पोथी मीच वाचतो, म्हणून गुरुजींनी ते काम माझ्याकडे दिलं. एका वहीत तीन रकाने आखायचे : शब्द, अर्थ, वापर. दुसरी वही हात चालता राहावा म्हणून. ती ही.

आश्विन शुद्ध ९

चंद्री हळूहळू बोलते आहे. आईला सांगते, मी भिंतीआडून ऐकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याकडे नारबोद काढतात. आदल्या दिवशी दाराशी रोवलेली पळसाची फांदी उपटायची, ओरडत ओरडत शिवेबाहेर न्यायची आणि टाकून यायची. गावाची रोगराई तिच्यासोबत जाते. ईडा-पिडा घेऊन जा गे नारबोद, खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद. हे सगळेच ओरडतात. पोरंसोरं त्यात आपल्या मनाचंही घालतात.

शकुंतलाबाईला वर्षभर खोकला होता. त्या पहाटे चंद्रीने दारची फांदी उपटली आणि अंगणातून ओरडली, "सासूबाईचा खोकला घेऊन जा गे नारबोद." सुनेने इतक्या मोठ्याने ओरडावं हेच आधी बरं नव्हे. पण शकुंतलाबाई म्हणे उंबऱ्यात बसून पोट धरून हसली. म्हणाली, "अवं, तुझ्या सासऱ्याचं घोरणंबी दे तिले." चंद्रीने तेही दिलं. दोघी हसत राहिल्या. बाराव्या दिवशी शकुंतलाबाई गेली.

"सासूबाई मले आपल्याच ताटात घेऊन बसत," चंद्री सांगत होती. "शेवटी शेवटी त्यांचे खोकल्याचे फडके मीच धुवत होती. लाल डाग निंघतच नोहते."

शकुंतलाबाई पान फार खायची, हे मला माहीत आहे.

मी देवकाबाईला म्हटलं, नारबोदेत असलं भलतंसलतं ओरडायला हिला कुणी शिकवलं कोण जाणे. देवकाबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तांदूळ निवडायला लागली.

आज रकान्यात लिहायला घेतलेला शब्द 'वात्रटपणा'. अर्थ लिहिला : नको तिथे हसणे, नको ते बोलणे. दुपारी गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"बकारामजी, हा अर्थ नाही. ही रागावणी झाली. शहरात हा शब्द शिवीसारखा वापरतात, ते त्यांना ठाऊकच आहे. तुमच्या घरात कोण कुणाला म्हणतं, केव्हा म्हणतं, ते लिहा."

आमच्या घरात आता कोणी कुणाला म्हणत नाही.

आश्विन वद्य २

काल दवनीवाड्याला बैठक झाली. समाजाचे म्हातारे मनिरामजी सोबत होते. उमरावच्या अंगणात दहाबारा माणसं बसली होती. उमराव वाईट माणूस नाही. त्याची दाढी वाढली होती आणि बोलताना तो सारखा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता, कोणी पाणी घेऊन येईल म्हणून.

"अडतीस वर्षं संसार केला मी," तो म्हणाला. "हे पोरगी ओरडली अन् बाराव्या दिवशी माझं घर रिकामं झालं. तुमीच सांगा, इवाई, मी काय समजू?"

मी म्हटलं, पोरीचा वात्रटपणा होता, मनात काही नव्हतं.

"वात्रटपणा कोणासंगं करावं? नारबोदेसंगं?" मनिरामजीच म्हणाले. "नारबोदेले नाव घेऊन सांगलं त ते नाव घेऊनच नेईन ना."

हे सगळ्यांच्याच मनात होतं. माझ्याही होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

मग कुणीतरी विचारलं, "असं नाव घेऊन ओरडाले हिले शिकवलं कोणं?"

मी म्हणालो, "आमच्या घरी असं कोणीच शिकवलं नाई."

ठरलं ते असं. वर्षभर चंद्री बापाघरी राहील. पुढच्या नारबोदेपर्यंत त्यांच्या घरात आणखी वाईट काही झालं नाही, तर सून परत नेतील. आणि मी बेलभंडार उचलून हमी द्यायची की माझं म्हणणं खरं, आणि पोरगी पुन्हा असं वात्रटासारखं बोलणार नाही. मी उचलला. भंडारा हाताला लागला तो अजून नखात आहे.

निघताना भोजराज गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बैठकीत तो एक शब्द बोलला नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "मामाजी, ते खासत त नाई ना?"

मला फार राग आला. स्वतःची बायको, आणि तिला खोकला आहे का विचारून तिच्यातही हा दोषच शोधतो. मी उत्तर दिलं नाही.

घरी येऊन चंद्रीला समोर बसवून सांगितलं. आता हसणं-खिदळणं बंद. गाणीबिणी बंद. एक वर्षाचा प्रश्न आहे, माझ्या शब्दाचा प्रश्न आहे. ती "हो बाबा" म्हणाली.

कार्तिक शुद्ध ४

आपला मुलूख आता मुंबई राज्यात गेला, असं गुरुजींनी शाळेत पोरांना सांगितलं. पेढे वाटले. घरी आणलेला पेढा चंद्रीने अर्धा खाल्ला.

भाऊबीज झाली, आता गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू. आमच्या मंडईत दरवर्षी रात्रभर दंडारीचा खेळ होतो आणि सोंगाड्या पाहून चंद्री इतकी हसायची की शेजारच्या बाया तमाशा सोडून तिच्याकडे बघायच्या. यंदा ती गेली नाही. मी जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं.

विहिरीवर ती गेली की बाया आपले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होतात. देवकाबाईच पाणी आणते आता.

धानाची कापणी चालू आहे. चंद्री खळ्यावर बसते. तिला कोरडा खोकला लागला आहे. धानाच्या कुसाचा असतो असा, दरवर्षीच कुणाला ना कुणाला होतो.

मार्गशीर्ष वद्य ६

चंद्रीने माझी हमी माझ्यापेक्षा जास्त पाळली आहे. दोन महिने झाले, ती हसलेली नाही. सकाळी मांजराचं पिल्लू माझ्या पगडीत झोपलेलं निघालं. देवकाबाई हसली, मीही थोडा हसलो. चंद्रीने पिल्लू उचललं, खाली ठेवलं, पगडी झटकून माझ्या हातात दिली.

मला बरं वाटायला हवं होतं.

पौष शुद्ध १२

आज लिहितो. किती दिवस टाळलं.

तिला शिकवलं ते मीच.

ती चार वर्षांची असेल. मी तेव्हा तिशीच्या थोडा पुढे होतो, वडील जिवंत होते, घरचा भार अजून माझ्यावर नव्हता. नारबोदेच्या पहाटे मी तिला खांद्यावर घ्यायचो, तिच्या हातात पळसाची फांदी द्यायचो आणि आम्ही दोघं गावातून ओरडत जायचो. आजीचा हलता दात घेऊन जा गे नारबोद. कारल्याची भाजी घेऊन जा गे नारबोद. मास्तराची छडी घेऊन जा गे नारबोद. ती वरून एक ओरडायची, मी खालून एक. ती माझ्या डोक्यावर टापटाप मारायची, म्हणजे आता तुमची पाळी. तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पोचेस्तोवर अख्खा गाव हसत असायचा. आजीचा दात त्याच आठवड्यात पडला आणि आजीने चंद्रीला जवळ घेऊन म्हटलं, "वात्रट कुठली. बापासारखी वात्रट."

वडील गेले त्या वर्षीपासून मी पोथी वाचायला बसलो. गावात मान झाला. पुढच्या पोळ्याला चंद्री खांद्यावर बसायला आली तेव्हा मी म्हटलं, आता तू मोठी झालीस. ती सात वर्षांची होती. मोठा मी झालो होतो.

बैठकीत हे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. बेलभंडार हातात असताना मला देवळातली माझी जागा दिसत होती, आणि ते वाक्य मी गिळलं.

खोकला गेलेला नाही. आता कापणीही संपली.

माघ शुद्ध ८

छोट्या रेल्वेने चंद्रीला गोंदियाला नेलं. गुरुजी सोबत आले, कारण डॉक्टर हिंदी बोलतात आणि मला ऐकू आलं तरी समजायला वेळ लागतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. काचेवर धरला. मला त्यात ढगांसारखं काहीतरी दिसलं.

"ये साल भर से कम का नहीं है," ते म्हणाले. "घर में पहले किसी को थी ऐसी खाँसी?"

मी म्हणालो, "नहीं जी, हमारे घर में किसी को नहीं."

माझ्या मागून चंद्री म्हणाली, "सासूबाईले होती."

"उनके साथ खाना-पीना होता था?"

"एका ताटात," चंद्री म्हणाली. डॉक्टरांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे.

"देर कर दी, दादा. दोनों तरफ़ है."

सुया लिहून दिल्या आहेत. इथल्या जवळच्या गोरेगावहून कंपाउंडर येऊन टोचून जाईल. नागपूरला मोठ्या दवाखान्यात खाट मिळते का ते गुरुजी पत्राने विचारणार आहेत.

गाडीत परत येताना मी खिडकीशी बसलो होतो आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. नारबोदेने खोकला नेलाच नव्हता. तो तेव्हाच माझ्या पोरीच्या अंगात येऊन राहिला होता. ती दुसऱ्याच्या खोकल्यासाठी ओरडत होती आणि तिचा स्वतःचा आत सुरू झालेला होता. भोजराजने गल्लीत विचारलं ते हे विचारलं होतं.

मी तेव्हाच उत्तर दिलं असतं तर चार महिने वाचले असते.

फाल्गुन शुद्ध ३

दवनीवाड्याला जाऊन आलो. फोटो घेऊन गेलो, मनिरामजींनाही बोलावून घेतलं. उमरावला सगळं सांगितलं. शकुंतलाबाईंना क्षय होता, पोरीने त्यांना मारलं नाही, त्यांचाच रोग तिला लागला. आणि हेही सांगितलं की नारबोदेत तसं ओरडायला तिला मीच शिकवलं. बेलभंडार उचलून मी खोटं बोललो.

उमरावने फोटो हातात घेतला नाही.

"म्हणजे आता दोष माझ्या मेलेल्या बायकोचा," तो म्हणाला. "जिवंत होती तवा तुमच्या पोरीले ताटात घेऊन जेवत होती. तिचं हे फळ."

मी म्हटलं, दोष कुणाचाच नाही.

"कोणाचाच नाई कसा, इवाई? माणूस गेलं ना."

मी फोटो पुन्हा फडक्यात गुंडाळला. 

मनिरामजी एवढंच म्हणाले, "बेलभंडारावर खोटं बोल्ला तू, बकाराम. आता खरं बोलून राहिला का खोटं, हे आमी कायच्यावरून समजावं?"

भोजराजचं वैशाखात दुसरं लग्न आहे. हे मला त्यांच्या गड्याने, बैल जुंपताना सांगितलं.

चैत्र शुद्ध १०, शके १८७९

रामनवमीची पोथी यंदा दुसऱ्याने वाचली. कुणी मला नको म्हटलं नाही. मी गेलो तेव्हा चौरंगासमोर तो बसलेला होता, एवढंच. मागे खांबाला टेकून ऐकली. तो चुकतो फार, पण सगळ्यांना कळेल असं वाचतो.

चंद्रीला वैशाखाचं सांगितलं नाही. देवकाबाई म्हणते तिला ठाऊक आहे. तिने मंगळसूत्र काढलं नाही, पण आता ते पदराआत ठेवते.

आषाढ वद्य ३

नागपूरहून दोन पत्रं आली. एक दवाखान्याचं : खाट रिकामी नाही, आणि फोटो पाहता आणून उपयोगही नाही. दुसरं त्या शब्दवाल्या म्हाताऱ्या मास्तरांचं, गुरुजींच्या नावाने : 'व' अक्षर अजून का आलं नाही.

धानाची रोवणी चालू आहे. शेताच्या बांधीत बाया गातात ते पडवीपर्यंत ऐकू येतं. चंद्रीची खाट मी पडवीत, बांधीच्या बाजूला लावून दिली. ती इतकी हलकी झाली आहे की खाटेसकट एकट्याने उचलता आली.

व अक्षराचे सगळे शब्द झाले. वाफसा, वेसण, वरवंटा, वांझोटी, विंचू. एकच उरला. त्याच्या अर्थात आज लिहिलं : ज्याला कुणाची भीती नसते अशा माणसाचे वागणे. मग खोडलं. पुन्हा लिहिलं : ज्याच्यावर कुणाचे प्रेम असल्याची त्याला खात्री असते, अशा माणसाचे वागणे. हेही खोडलं. मास्तरांना हे चालायचं नाही.

वापराचं पाहू लागलो तर दिसलं की हा शब्द आपण मेलेल्या माणसाबद्दल वापरत नाही. आजारी माणसाला म्हणत नाही. सासरी निघालेल्या मुलीला निरोप देताना कुणी म्हणत नाही. माणूस आपल्याजवळ राहणार आहे असं वाटत असतं तोवरच म्हणतो.

श्रावण वद्य १४

उद्या पोळा. बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकले. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. चंद्री खाटेवरून पाहत होती.

"बाबा, परवा नारबोद," ती म्हणाली.

"हो."

"माझा खोकला द्या ना तिले."

मी बैलाच्या खांद्यावरून हात काढला नाही. "भलतं नोको बोलू."

"नाव घेऊन द्या. चंद्रीचा म्हणून."

"नाई म्हटलं ना."

 तिला श्वास जमवावा लागतो. मग म्हणाली, "म्हणजे तुमीबी मानता. मीच नेलं सासूबाईले, हे तुमीबी मानता."

मी म्हणालो, मी मानत नाही. डॉक्टरचं मी स्वतः ऐकलं. दवनीवाड्याला जाऊन सांगून आलो.

"मंग ओरडाले काय होते?"

मी उठून गोठ्यात गेलो. तिथे बराच वेळ होतो. डॉक्टरचं खरं आहे हे मला डोक्याने कळतं. पण तिचं नाव घेऊन ती ओळ मनातल्या मनातही म्हणता येत नाही. जीभ उचलत नाही. तिने वर्षभर ओळखलं होतं ते हेच.

श्रावण अमावास्या, पोळा

तोरणाखाली बैल नेले, पूजा झाली, घरी आणले. दाराशी पळसाची फांदी रोवली.

देवकाबाई पुरण वाढताना म्हणाली, "तुमी ओरडले म्हणून पोरगी मरणार नाई. मराचं ते मरतेच आहे. नाई ओरडले त गुन्हेगार होऊन मरन."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

मी म्हटलं, आणि उद्याच काही झालं तर?

"त होईन," ती म्हणाली. "मी आहो ना."

भाद्रपद शुद्ध १

पहाटे आंघोळ केली. देवाजवळ दिवा लावला. पोथी सोडली नाही. देवाला एवढंच म्हटलं की आज मी जे करणार आहे ते तुझ्याविरुद्ध नाही, असं मला वाटतं. चुकत असलो तर मला धर, तिला धरू नको.

फटफटायला लागलं होतं. दारची फांदी उपटली आणि पडवीत खाटेजवळ आणली. चंद्री जागी होती. मी फांदी तिच्या हाताला लावली. तिने एक पान तोडून मुठीत ठेवलं.

गल्लीत माणसं निघाली होती. ईडा-पिडा, खासी-खोकला, माशा-मच्छर, नेहमीचं चाललं होतं. मी त्यांच्यात गेलो. देवळासमोर, जिथे गल्ली रुंद होते आणि जिथून आमची पडवी दिसते, तिथे थांबलो. फांदी वर केली. आवाज पहिल्यांदा निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला.

"चंद्रीचा खोकला घेऊन जा गे नारबोद."

 एक म्हातारी तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. मला वाटलं आता खाली बसावं. मग माझ्या डोक्यावर कुणी टापटाप मारल्यासारखं झालं. कुणी मारलं नव्हतं. पण पाळी माझीच होती.

"बकारामचं घोरणं घेऊन जा गे नारबोद," मी ओरडलो. "बकारामची पगडी घेऊन जा गे नारबोद. बकारामचा खोटा बेलभंडार घेऊन जा गे नारबोद. बकारामच्या सतरा ओव्या घेऊन जा गे नारबोद."

कोणी हसलं नाही. चुन्नीलाल गुरुजी तेवढे आपल्या ओट्यावरून, माणूस घसा साफ करतो तशा आवाजात म्हणाले, "मास्तराची छडी घेऊन जा गे नारबोद." त्यांच्यामागे आणखी कोणी बोललं नाही. मी एकटा ओरडत तलावाच्या पाळीपर्यंत गेलो, शिवेपलीकडे फांदी टाकली आणि मागे न पाहता परत आलो.

चंद्री उशीला टेकून बसली होती. देवकाबाईने पाठीला हात दिला होता.

"सतरा ओव्या कोणत्या, बाबा?"

मी सांगितलं. ती रेंगीतून उतरून तुळशीजवळ उभी होती तेव्हा मी आत काय करत होतो, ते सगळं. नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या, हेही.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं तुमी रडून राहिले आतमंदी. अन् तुमी मोजत होते?"

आणि ती हसली. एक वर्षाने. आवाज पूर्वीचा नाही, फाटलेला आहे, पण हसणं तेच. हसता हसता उबळ आली. ती किती वेळ चालली मला सांगता येणार नाही. देवकाबाईने फडकं धरलं. मी तांब्या धरून उभा होतो. फडक्याकडे मी पाहिलं आणि मग पाहिलं नाही. उबळ थांबली तेव्हा ती इतकी थकली होती की डोळे मिटूनच बोलली. मूठ मात्र सोडली नव्हती, पळसाचं पान त्यात होतं.

"बाबा, तुमी मोठे वात्रट आहा," ती म्हणाली आणि झोपली.

आता दुपार झाली आहे. ती अजून झोपली आहे, झोपेतही खोकते. नारबोदेने काही नेलं नाही, आणि नेणार नाही. कंपाउंडर सकाळी येऊन गेला, त्याने या वेळी सुई काढलीच नाही. नाडी पाहिली आणि देवकाबाईला बाजूला बोलावलं.

मी रकान्यांची वही काढली. 'वात्रटपणा' खोडून 'वात्रट' लिहिलं. अर्थाचा रकाना कोरा ठेवला. वापराच्या रकान्यात तिचं वाक्य ती बोलली तसंच उतरवलं, शुद्ध केलं नाही. मग वही गुरुजींच्या घरी नेऊन दिली.